मागील तारखेची नोंद

चातुर्मासातील एका रविवारी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून गुलमंडी परिसरातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी तीन पिढ्या दूरचित्रवाणीसमोर बसल्या होत्या. ‘अ‍ॅक्शन रिप्ले’ हा विनोदी हिंदी चित्रपट लागला होता. अर्ध्या तासापलीकडे कोणताही चित्रपट न पाहणारे दादाजी त्या दिवशी शेवटपर्यंत बसून राहिले आणि दोनदा चक्क मोठ्याने हसले. चित्रपट संपल्यावर नातवाने सहज विचारले, “दादाजी, असे यंत्र मिळाले तर तुम्ही कोणत्या वर्षी जाल?” दादाजी म्हणाले, “दुकानाची वाटणी झाली त्या वर्षी.” त्यानंतर खोलीत कोणीच काही बोलले नाही.

विपुल अमृतलाल शहा यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१० च्या दिवाळीत प्रदर्शित झाला. आईवडिलांची रोजची भांडणे पाहून लग्नाचीच धास्ती घेतलेला तरुण कालयंत्रात बसून १९७५ साली जातो. तेथे त्याला भेटतो तो दात पुढे आलेला, भित्रा किशन आणि त्याची पदोपदी टर उडवणारी माला. हेच त्याचे भावी आईवडील. जुळवून दिलेल्या लग्नाऐवजी त्यांचे प्रेम जुळावे, म्हणजे पुढचा संसार सुखाचा होईल, असा त्या मुलाचा खटाटोप आहे. अक्षय कुमार आणि ऐश्वर्या राय यांचे रंगीबेरंगी कपडे आणि सत्तरच्या दशकातील केशरचना पाहूनच निम्मे हसू फुटते.

तर्काच्या कसोटीवर ही कथा क्षणभरही टिकत नाही. आईवडील सुरुवातीपासून सुखात नांदले असते, तर मुलाला मागे जाण्याचे कारणच उरले नसते. मग तो गेला कसा? असा प्रश्न विचारणाऱ्याला चित्रपट उत्तर देत नाही आणि प्रेक्षकही ते मागत नाही. अमेरिकेत १९८५ साली आलेल्या ‘बॅक टू द फ्यूचर’मध्येही एक मुलगा तीस वर्षे मागे, १९५५ मध्ये जाऊन आपल्या विद्यार्थिदशेतील आईवडिलांना भेटतो. मराठीत १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये काळाचा प्रवास उलट्या दिशेने होतो. मराठेशाहीतील खंडोजी फर्जंद भूत होऊन एका साध्याभोळ्या मास्तरांच्या मदतीला येतो. अशोक सराफ आणि दिलीप प्रभावळकर यांची ती जोडी आजही घराघरांत हसवते. या तिन्ही कथांत राज्य जिंकायचे नसते, खजिना लुटायचा नसतो. कोणाचा तरी संसार सावरावा, कोणा भित्र्याला धीर यावा, एवढीच त्यांची मागणी असते. आजोबा आणि नातू या दोघांनाही संकोच न वाटता एकत्र पाहता येतील असे चित्रपट थोडे, म्हणून त्यांचे मोल अधिक.

या खुळ्या कथांच्या तळाशी एक शहाणी गोष्ट दडलेली आहे. मुलाने वडिलांना सदैव गादीवर बसलेले, रागावणारे, हिशेब विचारणारे असेच पाहिलेले असते. वडीलही कधीकाळी बावरलेले, चुकणारे, कोणाच्या हसण्याने दुखावणारे विशीतले पोर होते, हे त्याला ठाऊक नसते. ते एकदा उमगले की तक्रारीची धार आपोआप बोथट होते.

दुसरे आकर्षण अर्थातच चूक पुसण्याचे. व्यापारी कुटुंबांना त्यातील अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. किर्दीत चुकीची रक्कम पडली, तर ती खोडून वर नवा आकडा लिहायचा नसतो. दुरुस्तीची नोंद आजच्या तारखेने करावी लागते आणि मूळ चूक वहीत तशीच दिसत राहते. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक बदलाचा माग राहणे आणि तो बंद करता न येणे कायद्यानेच बंधनकारक आहे. कालयंत्र म्हणजे मागील तारखेने केलेली नोंद. ती कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

जैन परंपरेने काळाचा विचार फार विशाल मापाने केला. अवसर्पिणी आणि उत्सर्पिणी, प्रत्येकीचे सहा आरे, त्यांतील सध्याचा पाचवा आरा एकवीस हजार वर्षांचा. एवढ्या अफाट चक्रातही मागे जाऊन कर्म पुसण्याची सोय कोठे सांगितलेली नाही. सांगितले आहे ते प्रतिक्रमण. या शब्दाचा अर्थच मुळी परत फिरणे असा आहे: मर्यादा ओलांडून गेलेल्याने स्वस्थानी परतणे. त्याची रचनाही हिशेबनीसाला ओळखीची वाटावी अशी आहे. दिवसाचे, रात्रीचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि अखेरीस संवत्सरीचे, जणू रोजच्या मेळापासून वार्षिक ताळेबंदापर्यंत. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणा की ‘उत्तम क्षमा’ म्हणा, घडलेले घडलेच असते. दुरुस्तीची नोंद मात्र आजच्या तारखेने होते. अट एवढीच की ती ज्याच्या खात्यात व्हायची त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. एकाच वेळी चारशे क्रमांकांवर पाठवलेला तयार संदेश बहुधा त्या एका खात्यापर्यंत पोहोचत नाही.

त्या वर्षी संवत्सरीच्या संध्याकाळी स्थानकातील प्रतिक्रमण आटोपल्यावर दादाजी घराकडे वळले नाहीत. नातवाला सोबत घेऊन ते धाकट्या भावाच्या दारी गेले. रीतीप्रमाणे धाकट्याने थोरल्याकडे यायचे. कित्येक वर्षे दोन्ही घरे त्याच रीतीच्या आड बसून होती. दारात दोघांनी हात जोडले. वाटणीचा विषय कोणी काढला नाही, कोणाचे बरोबर होते हेही ठरले नाही आणि त्या वेळच्या कागदावरील आकडे आजही होते तसेच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारण्याच्या वेळी थोरल्यांच्या घरी एक पाट अधिक मांडावा लागला.