कोरोना सगळ्यांसाठी सारखाच होता, मग जिवतीतल्या कॉलेजच्या पोरांसाठी तो वेगळा का ठरला?

२०२० मधला अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद आठवतोय? राज्य सरकार म्हणत होतं परीक्षा नको, यूजीसी म्हणत होती घ्यावीच लागेल. शेवटी २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. त्यानंतर साधारण ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घेतल्या, त्यातल्या बऱ्याचशा ऑनलाइन.

या भांडणात 'विद्यार्थी' म्हणजे सगळीकडे एकच माणूस, असं गृहीत धरलं गेलं. तसं नव्हतं. कोण अभ्यासाला बसला, कोण मजुरीला गेला, कोणी लस घेतली, कोण परत कॉलेजला आलंच नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या घरावर ठरलं. हे समजून घ्यायला जिवती तालुका बघूया.

जिवती नेमकं आहे कुठं?

चंद्रपूर जिल्ह्यात, माणिकगडच्या डोंगरावर, तेलंगणाच्या सीमेला लागून. इथं गोंड आणि कोलाम आदिवासींचे गुडे आहेत, बंजारा तांडे आहेत आणि १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास मराठवाड्यातून आलेली कुटुंबंही आहेत. कोलाम ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. उरलेल्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. पोट भरतं ते कापूस, सोयाबीन, तूर आणि मजुरीवर. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांची कॉलेजं २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठात येतात.

डोंगर उतरला की गडचांदूरचे सिमेंट कारखाने आणि पुढे राजुऱ्याच्या कोळसा खाणी लागतात. म्हणजे एकाच विद्यापीठात कायम पगारवाल्या घरातली मुलं आहेत आणि हंगामी मजुरीच्या घरातलीही.

लॉकडाऊनमध्ये फरक कसा पडला?

दोन विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. पहिल्याचे वडील कोळसा खाणीत कायम नोकरीला. पगार चालू, कॉलनीत नेटवर्क, स्वतःचा मोबाइल. त्याच्यासाठी लॉकडाऊन म्हणजे कंटाळा आणि परीक्षेचं टेन्शन.

दुसरी जिवतीच्या गुड्यावरची. तिचे आईवडील मिरची तोडायला तेलंगणात गेलेले. चंद्रपूर-गडचिरोलीतून हजारो मजूर दरवर्षी या कामाला जातात आणि मार्च २०२० मध्ये त्यातले कित्येक तिकडेच अडकले किंवा पायी परतले. अशा घरात पोरगी कॉलेजात शिकणारी असली तरी लहान भावंडं, चूल आणि वावर तिच्याच अंगावर येतं. घरातला एकमेव स्मार्टफोन भावाकडे. तिनं ऑनलाइन तासाला हजेरी लावली नाही, तर त्याला 'अभ्यासाकडे दुर्लक्ष' म्हणायचं का?

आकडेही हेच सांगतात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशात शहरी भागातल्या ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के. संगणक तर ग्रामीण भागातल्या साडेचार टक्के घरांतही नव्हता.

बरं, कागदपत्रांचं काय?

इथं घराचा इतिहासही आडवा आला. शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागतो आणि त्यासाठी कुटुंबाचे जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचे, ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचे. जे कुटुंब ७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून आलं, त्याचे पुरावे मूळ जिल्ह्यात. आणि एसटीची जिल्ह्याबाहेरची वाहतूक मार्च २०२० मध्ये थांबली ती २० ऑगस्टलाच सुरू झाली. आजोबांचं स्थलांतर असं नातवाच्या फीपर्यंत पोहोचतं.

लसीबाबत काय झालं?

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लस खुली झाली, पण आधी कोविन पोर्टलवर नोंदणी सक्तीची होती. तेव्हा शहरातली मंडळी ग्रामीण केंद्रांवरचे स्लॉट पटकावत असल्याच्या बातम्या आल्या. सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली ती २४ मे ला.

या पट्ट्यात लसीची भीतीही होती. घरात गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलली जाते आणि माहिती येते मराठी-हिंदीत, व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डच्या रूपात. अशा वेळी कॉलेजात जाणारा पोरगा किंवा पोरगी हीच घरची दुभाषी. तिला योग्य माहिती मिळाली तर अख्खं घर लस घ्यायला निघू शकतं, अफवा मिळाली तर अख्खं घर मागे हटतं.

म्हणजे गरीब घर म्हणजे नुसता तोटाच?

नाही. संसर्ग रोखायला राज्यातल्या अनेक गावांनी स्वतःहून गावबंदी केली. जिथं गाव एकत्र बसून निर्णय घेतं, तिथं नियम पाळणं सोपं जातं. पण या ताकदीचा उपयोग आजार अडवायला होतो, डेटा पॅक भरायला होत नाही.

हे फक्त जिवतीचं नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत २०२० मध्ये सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. कोरोनामुळे पदवी लांबणीवर टाकण्याचं प्रमाण सधन घरांतल्या मुलांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांमध्ये ५५ टक्क्यांनी जास्त निघालं. संशोधकांच्या मते घरावर बसलेला पैशाचा आणि आरोग्याचा फटका हे यामागचं मोठं कारण होतं.

मग आता करायचं काय?

कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली आणि विषय मागे पडला. पण पुढची साथ, पूर किंवा लांबलेला संप आला तर पुन्हा लिंक पाठवून कॉलेज मोकळं होणार का?

प्रवेश अर्जात आपण जात आणि उत्पन्न विचारतो. त्यात आणखी तीन प्रश्न घालता येतील. घरातला फोन कोणाच्या हातात असतो? घरचे कोणत्या महिन्यांत कामाला बाहेर जातात? घरात कॉलेजला जाणारे तुम्ही पहिलेच का? या उत्तरांवरून आधीच ठरवता येईल की कोणाला छापील नोट्स द्यायच्या, कोणासाठी तालुक्यातच परीक्षा केंद्र ठेवायचं आणि कोणाच्या घरी प्राध्यापकांनी स्वतः जाऊन यायचं. याला फारसा खर्च नाही. आणि अशी तयारी नसली की पहिलं नाव गळतं ते बहुतेक वेळा घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीचं.