थ्री-ओ-एट घ्या आणि विषय संपवा

अमेरिकेत येऊन शिकारीच्या वाटेला लागलेल्या आपल्या लोकांचा (आहेत, वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत!) एक प्रश्न ठरलेला असतो. "रायफल एकच घ्यायची आहे, बजेट बेताचं आहे, आणि हरणापासून एल्कपर्यंत सगळ्याला चालली पाहिजे. कॅलिबर कुठलं घेऊ?" मग गडी तीन महिने एक्सेल शीट घेऊन बसतो. गोळीचं वजन, वेग, ऊर्जा, ३०० यार्डांवर गोळी किती इंच खाली येते... फोन घेताना आपण जे करतो, अगदी तेच. माझं उत्तर शीर्षकातच देऊन टाकलंय. पण नुसतं उत्तर मिळालं की माणूस दुसऱ्या दिवशी दुसरं उत्तर शोधायला लागतो, म्हणून कारणंही सांगतो.

आधी पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय संपत गेला, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत गणित वेगळं आहे. कुठलं जनावर, कधी आणि किती मारायचं हे राज्य सरकार ठरवतं आणि त्याप्रमाणे परवाने काढतं. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळतो. हे सगळं पटतं की नाही हा वेगळा लेख होईल. इथे मी असं धरून चालतो की तुमचं जायचं ठरलंय, आणि प्रश्न फक्त काय घेऊन जायचं हा आहे.

आता अडचण बघा. प्राँगहॉर्न जेमतेम ५० किलोचा. साधं हरीण (व्हाइटटेल किंवा म्यूल डिअर) त्याच्या दीड-दोन पट. आणि एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ, नर असेल तर ३०० किलोच्या वर. या सगळ्यांना एकच काडतूस पुरवायचं. ऐकायला अशक्य वाटतं, पण हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) अमेरिकन सैन्याने १९०६ साली घेतलं, त्यावरूनच त्यातलं ०६. त्याच्या पितळी कवचाची मान आवळून १९२५ साली .२७० विंचेस्टर आलं. जॅक ओ'कॉनर नावाच्या लेखकाने 'आउटडोअर लाइफ' मासिकातून त्याचं जन्मभर कौतुक केलं. १९५२ साली विंचेस्टरने .३०८ बाजारात आणलं, आणि दोन वर्षांनी त्याचंच भावंड ७.६२ × ५१ या नावाने नाटोच्या सैन्यांनी घेतलं. साठच्या दशकात मॅग्नम मंडळी आली. सगळ्यात धाकटं ६.५ क्रीडमूर, २००७-०८चं, हॉर्नाडी कंपनीचं. सध्या दुकानातला सेल्समन तुमच्या गळ्यात मारणार ते हेच.

आकडे हवेतच ना? घ्या. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात; एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मं. .३०८ची १५० ग्रेनची गोळी नळीतून सुटते ती सेकंदाला सुमारे २८०० फुटांनी. .३०-०६ तीच गोळी जवळपास २९०० फुटांनी फेकतं. म्हणजे सगळा वाद शंभर फुटांचा, तीन-साडेतीन टक्क्यांचा. २०० यार्डांवर नेम जुळवून घेतला, तर ३०० यार्डांवर .३०८ची गोळी आठ-नऊ इंच खाली येते, .२७०ची साडेसहा-सातच्या आसपास. दोन इंच! एवढ्या फरकावर लोक मैत्री तोडतात. बरं, एल्कच्या छातीत जिथे गोळी बसायला हवी ती जागा दोन इंचांची नसते, चांगली फूटभर असते.

कोलोरॅडोचा नियमही बघण्यासारखा आहे. कॅलिबर किमान .२४, आघातावर पसरणारी गोळी, एल्कसाठी ती निदान ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. .३०८ तिथे याच्या दुपटीने पोचतं. स्वीडनमध्ये तर त्यांच्या ६.५ × ५५ या काडतुसाने शंभर वर्षांहून जास्त काळ मूसची शिकार चालू आहे, आणि ते काडतूस कागदावर .३०८पेक्षा सौम्यच आहे. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर जिम कॉर्बेट. त्याची ती प्रसिद्ध .२७५ रिग्बी रायफल आजच्या हिशोबात एकदम मध्यमवर्गीय ठरेल. तिची बरोबरी करणारं आजचं ७ मिमी-०८ हे.३०८च्याच कवचावर बनवलेलं आहे.

मग काडतुसांमध्ये खरा फरक कशाने पडतो? धक्क्याने. आणि याची नोंद एक्सेल शीटमध्ये कोणीच करत नाही.

आठ पाउंड वजनाच्या रायफलीत ६.५ क्रीडमूरचा धक्का बारा-तेरा फूट-पाउंड, .३०८चा सतराच्या आसपास, .३०-०६चा वीस, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा पंचवीसच्या पुढे. आता गंमत अशी की स्वस्त रायफल आठ पाउंडांची नसतेच. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन ही जी आपल्या बजेटमधली नावं, ती सहा-साडेसहा पाउंडांची असतात. रायफल जितकी हलकी तितका खांद्यावरचा धक्का मोठा. म्हणजे कमी पैसे मोजणाऱ्यालाच जास्त मार बसतो (भांडवलशाही की जय). वीस-पंचवीस बार झाले की शरीर शहाणं होतं: चाप ओढायच्या आधीच खांदा अंग चोरतो, डोळे मिटतात, नळीचं तोंड हलतं. माणसाला हे कळतही नाही. तो म्हणतो दुर्बीण सरकली.

चांदमारीवर याचा परिणाम म्हणजे कागदावर सहा इंच बाजूला पडलेलं भोक. डोंगरात याचा परिणाम म्हणजे फुफ्फुसांऐवजी पोटात गोळी बसलेलं जनावर. ते जागेवर पडत नाही. ते दाट झाडीत निघून जातं, रक्ताचा माग थोड्या वेळाने संपतो, आणि ते कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, कुठेतरी मरतं. तुम्हाला सापडत नाही. या एका गोष्टीपुढे वेग आणि ऊर्जेचे सगळे तक्ते मला फालतू वाटतात. मॅग्नमने पोटात मारलेली गोळी ही पोटातलीच गोळी असते.

अलास्काच्या वन्यजीव खात्याचा सल्ला मला म्हणूनच आवडतो. तिथे मूस आहे, तपकिरी अस्वल आहे, मोठ्या रायफलीची हौस करायला जागा असेल तर तिथेच. पण खातं काय म्हणतं? तुमच्याकडे .२७०, ७ मिमी-०८, .३०८ किंवा .३०-०६ आहे, आणि बसून किंवा गुडघा टेकून २०० यार्डांपर्यंत सगळ्या गोळ्या आठ इंचांच्या वर्तुळात टाकता येतात, तर तुमचं काम होईल. वर्तुळाची अट आधी पूर्ण करा, कॅलिबरची चर्चा मागाहून.

ती अट पूर्ण होते सरावाने, आणि सराव म्हणजे पैसे. इथे .३०८ पुढे निघून जातं. सैन्याचं भावंड असल्यामुळे सरावाची साधी काडतुसं डॉलरभराच्या आसपास मिळून जातात (शिकारीला ती चालत नाहीत, पसरणारी गोळीच लागते, हे विसरू नका). मॅग्नमचं एक काडतूस सहज दुप्पट. वर्षाला २०० बार धरा आणि स्वतःच गुणाकार करा. शिवाय .३०८ कुठल्याही आडगावच्या दुकानात असतं. २०२०-२१च्या टंचाईत फळ्या रिकाम्या पडल्या होत्या तेव्हा ज्यांच्याकडे हौशी, दुर्मिळ कॅलिबरं होती त्यांचे हाल बघण्यासारखे होते. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको: ज्याला वापरणारे जास्त, ते टिकतं.

६.५ क्रीडमूर वाईट आहे का? अजिबात नाही. अंगकाठी लहान असेल, किंवा फक्त हरणंच मारायची असतील, तर मी भांडणार नाही, तेच घ्या. .३०-०६ आजोबांकडून मिळालं असेल तर विकू नका. पण नवीन घेताय, हरीण आणि एल्क दोन्ही हवंय, आणि खिसा आपल्यासारखा आहे? मग थोडी जास्त जड गोळी, सोसेल इतका धक्का आणि स्वस्त सराव हे तिन्ही एकत्र .३०८मध्येच मिळतं.

आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट मात्र कॅलिबरपेक्षा महत्त्वाची. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. त्याला एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. दुकानदार परवाना बघतो, रायफल देतो, आणि लोकांना वाटतं झालं काम. पण परवान्याची मुदत संपली आणि रायफल घरातच राहिली, तर तो अपवाद तुम्हाला लागू राहत नाही; कपाटातली तीच रायफल फेडरल गुन्हा होते. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा वर्षं काढलेल्या माणसाने हे दारावर लिहून ठेवावं. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे, तेव्हा वकिलाला एकदा विचाराच.

परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो उन्हाळ्यातच उरका. रायफलीत वाचलेले पैसे चांगल्या दुर्बिणीवर घाला. शिकारीसाठी १६५ ग्रेनची गोळी बघा, दोन-तीन कंपन्यांची एकेक पेटी मारून तुमच्या नळीला जी मानवते ती ठरवा, आणि त्याच पेट्या ऑगस्टच्या आत घेऊन ठेवा. कोलोरॅडोत रायफलीचा पहिला एल्क हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर उघडतो, आणि सप्टेंबरच्या शेवटी दुकानात गेलात तर नेमकी तुमचीच पेटी संपलेली असते.