आधी वजन विचारा

सहा फूट उंचीचा, ११० किलो वजनाचा माणूस शोरूममध्ये येऊन शंभर किंवा सव्वाशे सीसीची गाडी मागतो, तेव्हा काउंटरवरचे उत्तर बहुधा ठरलेले असते: "साहेब, तुमच्या पर्सनॅलिटीला बुलेटच शोभेल." सल्ला मनापासूनचा असतो. त्यात थोडाफार कमिशनचाही भाग असतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने या सल्ल्याला नवे बळ मिळाले आहे. पण शोभेचा प्रश्न गिऱ्हाइकाने काढलेलाच नसतो. त्याला रोज भोसरीला किंवा अंबडला कामावर जायचे असते, कंपनीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या फटीत गाडी घालायची असते आणि संध्याकाळी ती मागे ओढून बाहेर काढायची असते.

हलकी गाडी मागण्यामागे त्याचा हिशेब चोख असतो. स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो, तर क्लासिक ३५० चे १९५ किलो. हा ८३ किलोंचा फरक रस्त्यावर पळताना जाणवत नाही, उतारावर उलटी लावलेली गाडी मागे खेचताना जाणवतो. अंगाने भारी माणसाचे गुडघे आधीच तक्रार करत असतील, तर सगळ्यात जास्त तिथेच जाणवतो. पेट्रोलचेही तेच. महिन्याला हजार किलोमीटर धरले आणि एका गाडीचे ॲव्हरेज साठच्या आसपास, दुसरीचे पस्तीसच्या आसपास धरले, तर फरक बारा लिटरचा पडतो. लिटरला शंभराहून जास्त मोजणाऱ्या नोकरदाराला तो दर महिन्याला सोसावा लागतो.

उरतो प्रश्न गाडीला हे वजन झेपण्याचा. शंभर सीसीची गाडी मुळातच दोन माणसांसाठी बांधलेली असते. चालक, डबलसीट आणि सामान असे सगळे मिळून किती वजन चालेल, याचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि या वर्गात तो साधारण १३० किलोंच्या घरात असतो. ११० किलोंचा एकटा माणूस हेल्मेट आणि डबा घेऊन त्या मर्यादेच्या आत बसतो. फ्रेम आणि इंजिन याहून जड काम सोसतात याचे पुरावे तर आपल्या डोळ्यांसमोर आहेत. बजाजची बॉक्सर आफ्रिकेतल्या अनेक देशांत टॅक्सी म्हणून दिवसभर माणसे वाहते. आपल्याकडचा दूधवाला चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन मागे लटकवून पहाटे वस्तीवरून निघतो. ते वजन मर्यादेत बसते असे नव्हे, आणि तसे वाहावे असेही आमचे म्हणणे नाही.

या दूधवाल्याच्या गाडीकडे मात्र आपण नीट पाहावे. ती गॅरेजमध्ये आली की मिस्त्री न सांगता शॉकअप तपासतो, मागच्या टायरची हवा वाढवतो, चेन बघतो, ब्रेक लायनर आधी उघडतो. कारण कॅन दिसतात. जादा वजन माणसाच्या अंगावर असले की तोच मिस्त्री शॉकअपला हात न लावता गाडी धुऊन परत देतो. वजनाचा विषय काढायला संकोच वाटतो, गिऱ्हाइकाला राग येईल असे वाटते. मग गाडी दुसऱ्याच कुणाच्या मापावर चालत राहते, लवकर खिळखिळी होते आणि सहा महिन्यांनी आपणच म्हणतो, "बघा, ही गाडी तुमच्यासाठी नव्हतीच."

ते दुसरे माप कुणाचे, हेही जाणून घ्यावे. गाड्यांच्या धूर-चाचणीत चालकाचे वजन ७५ किलो धरले जाते. कारखान्यातून निघणाऱ्या गाडीची शॉकअपची खाच आणि पुस्तिकेतली 'एकट्या चालकासाठी' ही हवा साधारण अशाच बेताच्या माणसासाठी असते. ११० किलोंचा माणूस म्हणजे हा चालक आणि त्याच्यामागे बसलेले दहा-बारा वर्षांचे पोर. तेव्हा अशा गिऱ्हाइकाची गाडी, तो एकटा असला तरी, डबलसीटच्या हिशेबाने लावायला सुरुवात करावी. या संपादकीयाचे सार एवढेच आहे. पुढचा तपशील कामाचा आहे.

इंजिनापासून सुरुवात करू. स्प्लेंडरची ताकद सुमारे ८ हॉर्सपॉवर. ६५ किलोंचा माणूस बसला की एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला २२ किलो येतात. ११० किलोंचा बसला की जवळजवळ २८. सपाट रस्त्यावर हे चालून जाते; कात्रजच्या चढावर गाडी तिसऱ्यावर येते आणि मागचा ट्रक हॉर्न देऊ लागतो. आता शाइन १२५ घ्या. वजन जवळपास तेवढेच, सुमारे ११३ किलो, आणि ताकद १०.७ हॉर्सपॉवर. तोच ११० किलोंचा माणूस तिच्यावर बसला की वाटा २१ किलोंवर येतो, म्हणजे बारीक माणसाला शंभर सीसीवर मिळतो त्याहून थोडा चांगलाच पिकअप त्याला मिळतो. गाडीचे वजन न वाढवता गिऱ्हाइकाची अडचण सव्वाशे सीसीत सुटत असताना त्याला थेट साडेतीनशेकडे का न्यायचे? रस्ता सपाट आणि अंतर थोडे असेल, तर शंभर सीसीलाही नाही म्हणू नये. वाटेत रोजचा घाट असेल, तर सव्वाशे सुचवावी आणि कारण असेच आकडे मांडून सांगावे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मऊपणा नको. गाडी आणि माणूस मिळून १७७ किलोंऐवजी २२२ किलो झाले, की त्याच वेगातून थांबताना ब्रेकला सव्वापट काम पडते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली, पण त्याने ड्रमचा आकार वाढलेला नाही. लांब उतारावर लहान ड्रम तापतो आणि पकड कमी होते. म्हणून जड चालकाला पुढे डिस्क असलेलेच मॉडेल द्यावे. चार-पाच हजार वाचवण्यासाठी तो ड्रमवर अडून बसला, तर विक्री करणाऱ्याने हट्ट धरावा अशी ही एकमेव जागा. गाडी घरात आधीपासूनच असेल आणि ड्रमची असेल, तर लायनर नेहमीपेक्षा लवकर तपासावेत. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरायची, हे त्याला प्रत्यक्ष चालवून दाखवावे.

टायरमध्ये एक फसगत हमखास होते. टायरच्या कडेवर मापाच्या शेजारी भाराचा क्रमांक असतो. स्प्लेंडरला पुढे-मागे ८०/१००-१८ हेच माप येते, पण पुढच्यावर ४७ आणि मागच्यावर ५४ असते. ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. माप जुळले म्हणून पुढचा टायर मागे बसवला तर तो बसतो आणि चालतोही, फक्त त्याची ३७ किलोंची ताकद कमी असते. जड चालकाच्या गाडीत हे चालवून घेऊ नये. शिवाय हा क्रमांक जे वजन सांगतो, ते हवा पुरेशी असेल तरच. मागे २८-२९ ची हवा एकट्या, बेताच्या माणसासाठी असते. पुस्तिकेत डबलसीटसाठी दिलेल्या आकड्याकडे जावे, मग टायर मधेच झिजतो की कडेने, हे पहिल्या दोन सर्व्हिसिंगला पाहून एक-दोन पॉइंट इकडेतिकडे करावे. मधे झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी.

शॉकअपला पाच खाचा असतात आणि बहुतेक गाड्या आयुष्यभर कारखान्याने लावलेल्या खाचेवरच राहतात. मोजमाप सोपे आहे. मागच्या एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपने अंतर घ्यावे, आधी गाडी मेन स्टँडवर असताना, मग गिऱ्हाईक बूट-हेल्मेटसह बसल्यावर. शॉकअपच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी गाडी दबली तर ठीक. अर्ध्याच्या पुढे दबत असेल तर वरची खाच. एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगून ठेवावी: खाच वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. पाचव्या खाचेवरही खड्ड्यात ठोका बसत असेल, तर स्प्रिंगच बदलायला हवी. तेव्हा चांगल्या कंपनीचा, त्याच लांबीचा, जाड तारेचा जोड घालावा. आतली स्प्रिंग ठोकून-ताणून देणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मागची बाजू दबली की आणखी दोन गोष्टी बिघडतात. हेडलाइट आभाळाकडे जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हेडलाइटची दिशा गिऱ्हाईक बसलेले असताना लावावी. दुसरी चेन. स्विंगआर्म वर गेला की चेन ताणली जाते. स्टँडवर नेमकी लावलेली चेन जड माणूस बसल्यावर कडक होऊ शकते, मग स्प्रॉकेट आणि बेअरिंग दोन्ही झिजतात. चेनचा ढिलेपणा एकदा तरी माणूस बसवून तपासावा.

वजन आणि उंची हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. जाड पण बुटक्या माणसाला उंच सीट नको असते. उंच माणसाला सीटच्या उंचीपेक्षा सीट आणि फूटरेस्टमधले अंतर महत्त्वाचे. ते कमी पडले की गुडघे दुमडून राहतात आणि हँडल पूर्ण वळवले की त्याला टेकतात. शोरूममध्ये जागेवर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिले की हे अर्ध्या मिनिटात कळते. प्लॅटिना १०० ची सीट स्प्लेंडरपेक्षा वीसेक मिलिमीटर उंच आहे. अशा लहान फरकांनी पाय मोकळा होतो. एरवी सीट बनवणाऱ्याकडून इंचभर घट्ट फोम वाढवून घेता येतो. मऊ फोम नको, तो महिन्यात बसतो. गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल मोठ्या बुटाच्या मापाने लावावेत. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत बदल करू देत नाही, तेव्हा फ्रेमला वेल्डिंग आणि चाकांची अदलाबदल यांपासून दूर राहावे.

नाही कधी म्हणायचे, हेही स्पष्ट हवे. हाच माणूस रोज पत्नीला डबलसीट घेऊन जाणार असेल, तर ११० अधिक ६० म्हणजे १७०, आणि ते १३० च्या मर्यादेबाहेर आहे. तिथे लहान गाडी विकणे चूक. दीडशे-एकशेसाठ सीसीची गाडी दाखवावी, पण तिच्याही पुस्तिकेतला आकडा उघडून, कारण सीसी वाढले म्हणून पेलण्याची मर्यादा त्याच पटीत वाढत नाही.

आपल्या वाचकांकडून आमची अपेक्षा दोन ओळींची आहे. शोरूमच्या चौकशी-फॉर्मवर आणि गॅरेजच्या जॉबकार्डवर "चालकाचे वजन व उंची" आणि "डबलसीट: रोज / कधीतरी" एवढे छापून घ्या. छापील रकाना सगळ्यांनाच विचारला जातो, त्यामुळे कुणाला टोमणा वाटत नाही. मुली आणि बायका गाडी घ्यायला येतात तेव्हाही तो तितकाच उपयोगी पडतो, आणि ४५ किलोंच्या चालकालाही, कारण त्याला पाचव्या खाचेवरची गाडी तितकीच त्रास देते. आणि गाडी देताना अर्धा तास द्या: हवा, खाच, चेन, दिवा, लिव्हर. याचे पैसे घेतले तरी चालतील, हे काम फुकटाचे नाही.

कंपन्यांकडे मागणी एकच: पुस्तिकेत 'एकटा' आणि 'डबलसीट' या दोन रकान्यांऐवजी वजनाचे टप्पे छापा, आणि कडक स्प्रिंगचा शॉकअप सुट्या भागांच्या यादीत ठेवा. पण त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. टेप, हवेचा गेज आणि शॉकअपचा पाना प्रत्येक गॅरेजात आजही आहे.