निदान झाले, पुढे कोण?

सिकलसेल हा आजार विदर्भाला नवा नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकल वाहकांविषयीचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, ते वर्ष होते १९५८. त्यानंतर साडेसहा दशकांनी, १ जुलै २०२३ रोजी, केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी नागरिकांची तपासणी, असे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट स्वागतार्हच आहे. परंतु तपासणी हे एका दिवसाचे काम असते आणि आजार आयुष्यभराचा. ज्या बालकाचा अहवाल सदोष येतो, त्याच्या कुटुंबाबरोबर दुसऱ्या दिवसापासून कोण चालणार, हा खरा प्रश्न आहे.

या आजाराचे स्वरूप पाहिले, की प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. अशा बालकाचा ताप हा साधा ताप नसतो. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. प्लीहा एकाएकी वाढली तर काही तासांत जिवावर बेतू शकते, म्हणून ती हाताने तपासण्याचे आईला शिकवावे लागते. लसीकरण चुकवून चालत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनेचे झटके कमी करते, पण त्यासाठी ठरावीक काळाने रक्तातील पेशींची मोजणी आवश्यक असते. हेच औषध अल्प मात्रेत मुलांना उपयुक्त ठरते, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासाने दाखवून दिले आहे. म्हणजे ज्ञान येथे आहे, डॉक्टर येथे आहेत, औषधही आहे. उणीव आहे ती या साऱ्यांना एका बालकाच्या आयुष्यात एकत्र आणणाऱ्या दुव्याची.

नागपूरच्या 'मेडिकल'मध्ये केवळ शहरातील रुग्ण येत नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि सुमारे १७० किलोमीटरवरील गडचिरोलीपासून, तसेच मध्य प्रदेशातील बालाघाट आणि छिंदवाड्यापासून कुटुंबे येथे येतात. मजुरी बुडवून आलेल्या आईवडिलांना बाह्यरुग्ण विभागाची खिडकी, प्रयोगशाळा, रक्तपेढी आणि औषधालय यांच्यात फिरावे लागते. सिकलसेलचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. मात्र ते प्रमाणपत्र, एसटी प्रवासाची सवलत, परीक्षेतील जादा वेळ यांसाठी प्रत्येक वेळी निराळे कार्यालय गाठावे लागते. या वाटेत कुठेतरी पुढची तारीख चुकते. ती चुकली हे रुग्णालयाला कळत नाही आणि कळले तरी विचारपूस करणे हे कोणाच्याही कामाचा भाग नसते.

पाश्चात्त्य देशांत बालकांच्या दीर्घकालीन आजारांत हे काम 'केस मॅनेजर' करतो. तो उपचार करत नाही. उपचार तुटू देत नाही. कुटुंबाची परिस्थिती जाणून घेणे, भेटी ठरवणे, तज्ज्ञांमध्ये समन्वय राखणे, शाळेशी बोलणे आणि गैरहजर राहिलेल्याचा शोध घेणे, ही त्याची कामे. ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात १९०५ मध्ये वैद्यकीय समाजकार्याची सुरुवात झाली आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. आपल्या शासकीय रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक हे त्याच परंपरेतील पद. परंतु योजनांचे अर्ज आणि बेवारस रुग्णांची व्यवस्था यांतच त्यांचा दिवस सरतो. गावात आशा कार्यकर्ती आहे, शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक जाते, रुग्णालयात समुपदेशक आहे. प्रत्येकाकडे बालकाचा एकेक तुकडा आहे. संपूर्ण बालक कोणाकडेच नाही.

आणखी एक पद, आणखी एक नोंदवही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. मंजूर पदेच रिक्त राहत असताना तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण क्षयरोग कार्यक्रमाकडे पाहावे. तेथे प्रत्येक रुग्णामागे उपचार सहायक नेमण्याची पद्धत आहे आणि 'निक्षय' प्रणालीत त्याच्या उपचाराची नोंद राहते. रुग्णाचा मागोवा घेणे शासनाला जमत नाही, असे नव्हे. जेथे ते आवश्यक मानले गेले, तेथे त्याची व्यवस्था उभी राहिली. शिवाय नागपुरात समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था आहेत, त्यामुळे प्रशिक्षित मनुष्यबळ दूर शोधावे लागणार नाही.

तथापि, हे काम नाजूक आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बालकाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. याविषयी बोलताना घरातील दोष सुनेच्या माथी मारला जाणार नाही, मुलीचा अहवाल लग्नाच्या बाजारात फिरणार नाही, ही दक्षता घ्यावी लागते. गोपनीयता न पाळणारा समन्वयक नसलेलाच बरा. म्हणून प्रशिक्षण, मर्यादित कुटुंबसंख्या आणि नोकरीची शाश्वती या किमान अटी ठरतात. दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी माणसाजवळ कोणती आई मन मोकळे करील?

विदर्भात ही उणीव आजवर काही अंशी भरून काढली ती ध्येयवेड्या व्यक्तींनी. सिकलसेल रुग्णांसाठी झटणारे नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देऊन देशाने त्यांची दखल घेतली. पण व्यक्तीच्या तळमळीवर व्यवस्था कायमची विसंबून राहू शकत नाही. अभियानाच्या यशाचा निकषच बदलायला हवा: किती तपासले, याबरोबरच निदान झालेल्यांपैकी किती बालके वर्षानंतरही नियमित उपचारांत आहेत आणि बालरोग विभागाची वयोमर्यादा ओलांडल्यावर किती जण मोठ्यांच्या विभागात पोहोचले, हे जिल्हावार जाहीर व्हावे. ज्या दिवशी हा आकडा विचारला जाईल, त्या दिवशी ते काम करणाऱ्या माणसाची गरज वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.