आकाश निरभ्र, तरी रॉकेट का थांबतं? वारा मोजणाऱ्या रडारची परीक्षा समजून घ्या

आकाश स्वच्छ आहे, रॉकेटमध्ये इंधन भरलंय, तरीही काउंटडाउन थांबतं. अनेकदा याचं कारण असतं १० ते १५ किलोमीटर उंचीवरचा वारा.

वाऱ्याचा धोका काय?

वर झेपावताना वाऱ्याचा वेग किंवा दिशा अचानक बदलली, की रॉकेटच्या सांगाड्यावर ताण येतो. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यान ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला. मूळ कारण होतं बूस्टरच्या सांध्यातलं निकामी सील. पण ३७व्या ते ६४व्या सेकंदादरम्यान यानाला वाऱ्यातले असे बदल सोसावे लागल्याचं चौकशी आयोगाने नोंदवलं.

फुगे असताना रडार कशाला?

वारा मोजणारा फुगा एवढ्या उंचीवर जायला तासभर घेऊ शकतो. शिवाय तो वाऱ्याबरोबर वाहत दूर जातो. म्हणजे माहिती काहीशी शिळी, तीही थोड्या दुसऱ्या जागेची. फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्राजवळचं ५० मेगाहर्ट्झचं डॉप्लर रडार मात्र दर काही मिनिटांनी डोक्यावरच्या वाऱ्याचं नवं चित्र देतं.

मग थेट विश्वास का नाही?

कारण रडार हवेतल्या खळबळीवरून परतलेल्या क्षीण लहरींवरून वाऱ्याचा वेग काढतं. पक्षी, विमान, पाऊस किंवा बाहेरचे रेडिओ संकेत त्यात मिसळले, तर आकडा चुकतो. जमिनीलगतचे थरही या रडारला नीट दिसत नाहीत. तिथे दुसरी साधनं लागतात.

म्हणून प्रमाणन. रडार आणि फुग्याच्या एकाच वेळच्या असंख्य नोंदी ताडून पाहिल्या जातात. खोटे संकेत कसे गाळायचे, किती उंचीपर्यंतचे आकडे वापरायचे, किती फरक चालेल, हे ठरवलं जातं. इथे एक मेख आहे: दोघं नेमकी तीच हवा मोजत नाहीत. त्यामुळे प्रत्येक फरक म्हणजे रडारची चूक नव्हे.

भारताचं काय?

तिरुपतीजवळच्या गादंकी इथेही ५३ मेगाहर्ट्झचं मोठं रडार आहे. ते प्रामुख्याने वातावरणाच्या संशोधनासाठी वापरलं जातं. उड्डाणाच्या निर्णयासाठी मात्र कसोटी वेगळी असते.

चुकीचा 'थांबा' मिळाला, तर एक दिवस वाया जातो. चुकीचा 'जा' मिळाला, तर यान आणि त्यातली माणसं दोन्ही पणाला लागतात.