खाडी आमची, मोहीम त्यांची

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जवळ आला की किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. जगभर हा दिवस किनारा स्वच्छतेचा म्हणून पाळतात. आमच्या रत्नागिरीकडेही विद्यार्थी येतात, अधिकारी येतात, हातमोजे वाटले जातात, फलक धरून छायाचित्र निघते. २०२२ साली तर केंद्र सरकारने ५ जुलै ते १७ सप्टेंबर अशी ७५ दिवसांची मोहीम देशभरच्या किनाऱ्यांवर राबवली. भाषणे झाली, प्रतिज्ञा झाल्या.

आम्ही या मोहिमांची टिंगल करायला बसलेलो नाही. दुसऱ्याने फेकलेली बाटली वाळूत वाकून उचलणाऱ्या कॉलेजच्या पोराविषयी आम्हाला आदरच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. या सगळ्यात आम्ही कुठे आहोत? राजिवडा, मिरकरवाडा इथे पिढ्यान् पिढ्या होडीवर जगणारा मुसलमान मच्छीमार त्या छायाचित्रात कुठे असतो? असतो, पण दुसऱ्या चौकटीत. 'ही पाहा घाण' अशी ओळ खाली लिहिलेल्या चौकटीत.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका खाडीकाठच्या मोहल्ल्यात अशी मोहीम आली होती. गाव सांगत नाही, संस्थाही सांगत नाही. तीन तासांत पोती भरली, जेटीच्या मागे रचली, चहा-वडापाव झाला आणि पाहुणे गेले. वडापावच्या कागदी बशा तिथेच राहिल्या, ते सोडा. पोती न्यायला गाडी यायची होती, ती आली नाही. आज येईल, उद्या येईल, म्हणत तीन दिवस गेले. चौथ्या रात्री भरतीने पोती ओढली, फोडली आणि गोळा केलेले सगळे पुन्हा खाडीला परत दिले. सकाळी जाळे ओढणारा एक म्हातारा आम्हाला म्हणाला, "पूर्वी कचरा एकेक यायचा, आता बांधून येतो."

कचरा येतो कुठून, हे कुणी विचारत नाही. काजळी नदी सह्याद्रीतून उतरते, साखरपा, चांदेराई अशी गावे आणि बाजार ओलांडत भाट्याच्या खाडीत येते. वाटेतल्या प्रत्येक बाजाराने पुलावरून जे खाली सोडले, ते पहिल्या पुरात राजिवड्याच्या दारात येऊन उभे राहते. शेवटच्या पायरीवर बसलेल्याच्या अंगणात सगळ्या जिन्याचा केर जमा होतो आणि गलिच्छ मात्र तोच ठरतो! त्याच खाडीच्या मुखाशी गाळ साचला आहे. ओहोटीला होड्या रुततात, लाटेत उलटतात. गाळ उपसण्याची मागणी करता करता माणसे म्हातारी झाली. पण गाळ हा 'पर्यावरण' या सदरात बसत नाही. गाळासोबत छायाचित्र चांगले येत नाही ना!

इथवर वाचून आमच्या वाचकांनी माना डोलावल्या असतील. अन्याय आपल्यावर होतो, हे ऐकायला आपल्याला फार आवडते. आता पुढचे वाचा.

परवाच एका वलीम्याला आम्ही गेलो होतो. हजारभर माणूस जेवले. पोराचा बाप आखातात तीस वर्षे राबलेला. त्याने हात आखडता घेतला नाही, घेऊही नये. पण जेवण संपले तेव्हा मंडपाच्या मागे थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले, पाण्याच्या अर्ध्या प्यालेल्या छोट्या बाटल्या यांचा जो ढीग उभा राहिला, तो पाहून आम्हाला वधूवरांना दुआ द्यायचे सुचेना. राज्य सरकारने २०१८ च्या मार्चमध्ये या ताटल्या-पेल्यांवर बंदी घातली. २०२२ च्या १ जुलैपासून केंद्रानेही एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या कितीतरी वस्तू बंद केल्या. आपल्या मांडवात मात्र ही बंदी पोचलेली नाही. रात्री उशिरा तो ढीग टेम्पोत भरला गेला. कुठे गेला, हे यजमानाने विचारले नाही आणि पाहुण्यांनीही नाही. खाडीचा पूल जवळच होता, एवढेच आम्ही सांगतो.

आणि हे वलीम्यापुरते आहे काय? रमजानच्या इफ्तारला रोज मशिदीच्या ओट्यावर प्लास्टिकचे पेले, महिनाभर. ईद-ए-मिलादच्या जुलूसला हातातल्या प्लास्टिकच्या झेंड्या. दुसऱ्या दिवशी त्याच झेंड्या गटारात, आणि त्यावर काय छापलेले असते ते आठवून पाहा. ज्याच्या अपमानाने आपण रस्त्यावर उतरतो, ते आपणच गटारात सोडतो आणि आपल्याला ते दिसतही नाही. बकरीदला कुर्बानी घरोघर होते, पण आतडी आणि चामडी यांची सोय मोहल्ल्याने आधीपासून केली आहे, असे किती ठिकाणी दिसते? खड्डा खणायला एक दिवस आधी चार पोरे लागतात. ती मिळत नाहीत. मग अंधार पडल्यावर पिशव्या खाडीकडे निघतात. हे लिहिल्याबद्दल आमच्यावर राग धरणारे निघतील. 'त्यांच्या विसर्जनाविषयी का लिहीत नाही?' असेही विचारतील. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविषयी त्यांच्यातलेच लोक वर्षानुवर्षे लिहीत आहेत, भांडत आहेत, कोर्टात जात आहेत. आपल्यातले कोण आपल्याविषयी भांडते, ते सांगा. त्यांची चूक दाखवून आपली पिशवी जमिनीत पुरली जात नाही.

एका जमातीच्या सभेत आम्ही हा विषय काढला होता. आपल्या कार्यक्रमांत थर्माकोल बंद करा, इतकीच विनंती. तीन उत्तरे मिळाली. एक बुजुर्ग म्हणाले, हे दीनचे काम नाही. दुसरे म्हणाले, आधी शिक्षण, आधी नोकऱ्या, सच्चर समितीने काय सांगितले ते वाचा, मग पर्यावरण. तिसऱ्याने आवाज खाली करून सांगितले, "आता आपण स्वतःच कबूल केले की कचरा आपला आहे, तर उद्या तेच आपल्यावर उलटेल."

पहिल्याला उत्तर सोपे आहे. रस्त्यावरची त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचाच भाग आहे, वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया दवडू नये, कयामत समोर आली तरी हातातले रोप लावून टाकावे, ही शिकवण मदरशात मुलांना पाठ करून घेतात ना? मग ती वुजूखान्याच्या नळापाशी कुठे जाते? मे महिन्यात शीळ धरणाचे पाणी खाली जाते, बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात आणि आपल्याकडे दात घासेपर्यंत नळ पूर्ण उघडा असतो. जुम्म्याच्या खुतब्यात जगातल्या सगळ्या संकटांवर बोलले जाते. मशिदीच्या मागच्या खाडीवर खुतबा ऐकल्याचे आम्हाला आठवत नाही.

दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. सच्चर समितीने २००६ साली आपली अवस्था देशापुढे मांडली, हे खरे. पण खाडीतली मासळी गेली की त्या पोराची फी कोण भरणार? तिसऱ्या उत्तराकडे आम्ही शेवटी येऊ. कारण भीती खोटी नाही.

त्याआधी घरातली आणखी एक गोष्ट. तिच्याविषयी आपल्या अंकांतून कुणी लिहीत नाही. दर्यावर आज भांडण आहे ते हिंदू-मुसलमानांचे नाही. ते पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांचे आहे. पर्ससीनचे जाळे बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवा वेढून खालून आवळते. लहान-मोठे सगळे एकदम वर येते. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्य सरकारने या मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठेवली, परवान्यांची संख्या हळूहळू घटवायचे ठरवले. एलईडी दिव्यांनी मासळी खेचून पकडण्यावर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. कायदा आहे, पाळणारे किती, हे बंदरावर उभे राहिले की कळते. आता सांगा, पर्ससीनचे मालक कोण? हिंदू आहेत, तसे मुसलमानही आहेत. आणि ज्याची डोलकी होडी रिकामी परत येते, तो? तोही आपलाच. एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून दोघे नमाज पढतात आणि दर्यावर एक दुसऱ्याचा घास काढून घेतो. यावर जमात गप्प. का गप्प? मशिदीच्या नव्या मजल्याची पावती कुणाच्या नावाने फाटते, ते पाहा. हे आम्ही कुणा एकाला उद्देशून लिहिलेले नाही. ज्याला टोपी बसेल त्याने घालावी.

आपल्यात पर्यावरणाची जाण नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. राजापूर तालुक्यातले साखरी नाटे आठवा. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाला तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला. त्यांतले बहुसंख्य मुसलमान. त्यांचे म्हणणे साधे होते: अणुभट्ट्या थंड करून गरम झालेले पाणी दर्यात सोडाल, मासळी आत सरकेल, आम्ही खायचे काय? माडबनच्या हिंदू शेतकऱ्यांबरोबर ते एकाच आंदोलनात उभे राहिले. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार ठार झाला. किनाऱ्यासाठी मेलेला माणूस! प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. पण कोकणातल्या पर्यावरण चळवळीचा इतिहास सांगताना नाट्याच्या त्या बायका-पुरुषांना कोण पर्यावरणवादी म्हणते? त्यांची नोंद कायदा आणि सुव्यवस्था या खात्यात झाली. आपणही ती दुरुस्त केली नाही. आपल्या साहित्यात दंगल आहे, तलाक आहे, फाळणीची जखम आहे, आणि ती असायलाच हवी. नाटे कुठे आहे? कांदळवनात गुडघाभर चिखलात कालवे काढणारी बाई कुठे आहे? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीला मनाई केली, २०१८ मध्ये त्यावर सविस्तर निकाल दिला. त्या तिवरांच्या आडोशाने कोळंबी वाढते, हे त्या बाईला कोर्टाच्या आधीपासून ठाऊक होते. तिला कुणी विचारले नाही. आम्हीही नाही.

आता ती तिसरी गोष्ट, भीतीची. जानेवारी २०२५ मध्ये मिरकरवाडा बंदरातली बांधकामे बुलडोझरने पाडली गेली. बंदराची जागा, अतिक्रमण, विकास अशी कारणे दिली गेली. बेकायदा असेल ते पडणार, त्यावर आम्ही वाद घालत नाही. पण त्या दिवशी आपल्याकडे बोलायला काय होते? 'आम्हाला लक्ष्य केले' एवढे एकच वाक्य. ते खरे असो वा नसो, तेवढे पुरत नाही. बंदरात जाळी कुठे विणायची, मासळी कुठे सुकवायची, बर्फाचे आणि मासळीचे सांडपाणी कुठे सोडायचे, गाळ कधी काढायचा, याचा आपला स्वतःचा आराखडा दहा वर्षांपूर्वी लिहून तयार असता, त्यावर मुसलमान, भंडारी, खारवी अशा सगळ्या मच्छीमारांच्या सह्या असत्या, तर बोलणी वेगळी झाली असती. कचरा कबूल केल्याने तो आपल्यावर उलटत नाही. कबूल न करणाऱ्याला घाणेरडा म्हणणे सोपे जाते.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. नवी संस्था काढू नका. संस्था काढण्यात आपली हयात जाते आणि अध्यक्ष कोण यावर ती मोडते. काजळीकाठी हातिसला पीर बाबरशेखांचा उरूस माघी पौर्णिमेला भरतो. गावातले हिंदू आणि दुरून येणारे मुसलमान मिळून तो करतात. नदी तिथेच आहे, माणसे तिथेच जमतात. यंदाच्या उरुसाला येताना प्रत्येकाने घरातला पेला आणावा, नारळ-फुलांची प्लास्टिकची पिशवी आणू नये, इतके दोन्हीकडच्या मानकऱ्यांनी मिळून जाहीर केले, तर सप्टेंबरच्या शनिवारची कुणाला वाट पाहावी लागणार नाही. बंदरावर जमातीने दोन्ही बाजूंना एकत्र बसवावे, पर्ससीनवाल्यांनाही आणि होडीवाल्यांनाही, आणि कायद्याची मुदत मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी लिहावी.

आणि वलीम्याचे? कोकणातल्या बहुतेक जमातींकडे भांड्यांची एक खोली आहे. आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून तांब्याच्या देगी घेतल्या, मोठे थाळे घेतले. एका थाळ्याभोवती चौघे-पाचजण बसत आणि जेवण झाले की मोहल्ल्यातल्या बायका-पोरी विहिरीवर ते घासत. घासण्याचे काम बायकांवरच का पडायचे, हे विचारण्याची वेळ आता आली आहे. पोरांच्या हातांना काही झालेले नाही. आमच्या मोहल्ल्यातली खोली आम्ही मागच्या महिन्यात उघडून पाहिली. देगींना कल्हई नाही, थाळ्यांवर वीतभर धूळ, कोपऱ्यात थर्माकोलच्या ताटल्यांचे दोन न फोडलेले गठ्ठे. थाळे मोजले, एकशे चाळीस भरले. कल्हईवाला शोधतो आहोत. पुढचा निकाह शव्वालमध्ये आहे.