खुब्याचे हाड मोडले तर वाट कोणाची पाहायची?

गुडघेदुखीवर आम्ही लिहिले तेव्हापासून ‘आता खुब्याबद्दलही लिहा’ असा काही भगिनींचा आग्रह आहे. खुब्याला मार लागण्याचे प्रकार तसे अनेक. खेळताना जांघेतला स्नायू ताणला गेला तर विश्रांतीने तो बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. मोटारसायकलच्या अपघातात तरुणाचा खुबा निखळला तर मात्र काही तासांतच तो बसवून घ्यावा लागतो. पण आपल्या घरांत जास्त दिसतो तो प्रकार वेगळा आहे. पहाटे फज्रच्या वुजूसाठी उठलेली दादी ओल्या मोरीत घसरते आणि तिला उठता येत नाही.

अशा वेळी पायाकडे नीट पाहा. पडलेल्या बाजूचा पाय थोडा आखूड वाटतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेले असते, पाय उचलता येत नाही आणि जांघेत असह्य कळ येते. ही खुब्याचे हाड मोडल्याची खूण. कधी मात्र हाडाला नुसती चीर जाते किंवा मोडलेले टोक आतच रुतून बसते. मग म्हातारे माणूस लंगडत का होईना चालते, दुखणे गुडघ्यात सांगते आणि घरचे तेल चोळत बसतात. साठीनंतर पडल्यावर जांघ किंवा गुडघा दुखू लागला तर मालीश नको, ओढून पाय सरळ करणे नको. आधी एक्स-रे.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरते. चेंडूच्या खालचा अरुंद भाग म्हणजे हाडाची मान. ही मान मोडली की चेंडूला होणारा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून उतारवयात ती जोडत बसण्याऐवजी चेंडूच बदलतात. कधी चेंडू आणि वाटी दोन्ही बदलतात. तरुणांत मात्र स्क्रू घालून स्वतःचा चेंडू वाचवण्याचा प्रयत्न होतो. मानेच्या खालचा भाग मोडला असेल तर तिथे रक्त चांगले पोहोचते, हाड जुळते. तिथे आतून रॉड किंवा पट्टी बसवतात.

खरी अडचण ऑपरेशनच्या आधी येते. ‘या वयात चिरफाड कशाला? दोन-तीन महिने पडून राहील, हाड आपोआप जुळेल,’ असे घरातले कोणीतरी म्हणतेच, आणि ते प्रेमापोटीच म्हणते. कुठे मुलगा कुवेतला असतो, तो सुट्टी घेऊन येईपर्यंत थांबायचे ठरते. कुठे आधी हाडवैद्याचा लेप होतो. आम्हाला इथे स्पष्ट सांगायचे आहे की वय झाले म्हणून ऑपरेशन टाळायचे नसते. उलट वय झाले म्हणूनच ते लवकर करायचे असते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायात रक्ताची गुठळी होते, लघवीत जंतू वाढतात. मोडलेल्या हाडापेक्षा जिवाला धोका असतो तो याचाच. म्हणून शक्यतो 48 तासांच्या आत ऑपरेशन व्हावे, असे हाडांचे डॉक्टर सांगतात. बहुतेक वेळा कमरेखालचा भाग बधिर करूनच ते होते, आणि सारे ठीक असेल तर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. मुलाची संमती फोनवरही विचारता येते.

हृदयाचे ठोके फारच बिघडलेले, छातीत पाणी, साखर फार वाढलेली, अशा काही कारणांनी डॉक्टर थोडे थांबायला सांगतात. ते थांबणे वेगळे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचे पाकीट सोबत न्यावे आणि पहिल्याच भेटीत दाखवावे.

घरी आल्यावर घरचे प्रश्न सुरू होतात. चेंडू बदललेला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नसतो, पायावर पाय टाकायचा नसतो, नाहीतर नवा सांधा निखळू शकतो. म्हणजे बुटका स्टूल, भारतीय संडास आणि दस्तरख्वानाभोवती मांडी घालून बसणे बंद. कमोडची खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. नमाज उंच खुर्चीवर बसून इशाऱ्याने अदा करता येते. शरीयतने आजाऱ्याला ही सवलत दिली आहे, तरी आपली वडीलधारी माणसे सजद्यासाठी जमिनीवर उतरायचा हट्ट धरतात. त्यांना डॉक्टरांपेक्षा मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी सांगितलेले लवकर पटते, असा अनुभव आहे. रॉड बसवलेल्यांनी खाली बसण्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

एक हाड मोडले म्हणजे बाकीचीही ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी. हे पुष्कळदा राहूनच जाते. टाके निघाले की हाडे बळकट करणाऱ्या औषधांबद्दल आपण होऊन विचारा. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. सदनिकेत राहणाऱ्या आणि बाहेर पडताना पूर्ण अंग झाकणाऱ्या बायकांना ऊन लागतेच कुठे? गच्चीवर किंवा परसात थोडा वेळ बसण्याची सोय घरच्यांनी करून द्यावी.

मोरीत भिंतीला स्टीलचा दांडा, वुजूसाठी बसायला घट्ट चौरंग आणि पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा लहान दिवा, एवढे आधीच करता येते. खर्चाचे म्हणाल तर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. कार्ड आधारवरून निघते. ते आताच काढून ठेवा आणि आपल्या गावाजवळच्या कोणत्या हॉस्पिटलात चालते तेही विचारून ठेवा.